हौश्या बैलाच्या दाढा

मी शिंग बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर भांडतोय. अडीचशे वर्षं गप्प बसलो. त्यात दोनदा मला काचेच्या पेटीत कोंडलं, दोनदा कुणा शूरवीराच्या नावानं मिरवलं, आणि दोन्ही वेळा गोष्ट खोटी! आता तुम्ही तरी ऐकून घ्या.

फुंकायचं शिंग मी नव्हे. तो आमचा वाजंत्री भाऊ. मी बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. पूर्वी बंदुकीत वरून दारू ओतावी लागे, आणि ती कोरडी राहावी म्हणून बैलाच्या पोकळ शिंगात भरून खांद्याला लटकवत. ज्या बैलाच्या डोक्यावर मी उगवलो, त्याचं नाव आजवर एकानंही विचारलेलं नाही. तो राग वेगळाच. त्याचा हिशेब नंतर.

जन्म माझा अमेरिकेतला. हसू नका. आता राहू आणि केंदूर या गावांच्या गोठ्यांत माझं आयुष्य गेलंय म्हणून मला परदेशी मानायला कुणी तयार होत नाही; पण दोन नद्या मिळून जिथं ओहायो नदी होते, तिथल्या रानातला मी. गोऱ्या लोकांची वस्ती तेव्हा तिथं संपायची आणि पुढं शॉनी या तिथल्या मूळ लोकांचा मुलूख लागायचा. त्या हद्दीवर हॅना मॅकॉल नावाची एक बाई राहत होती. तिचा बैल म्हातारा होऊन मेला. तिनं त्याचं शिंग उकळलं, आतून खरवडलं, काचेच्या तुकड्यानं घासून घासून पातळ केलं, लाकडाचं बूच बसवलं. तो मी. तोंडापाशी तिनं सुईनं स्वतःच्या नावाचं एक अक्षर कोरलं होतं. एवढंसं, तांदळाएवढं.

हॅनाचा नवरा एझ्रा मॅकॉल. हा मिलिशियाचा कॅप्टन. मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. नांगर सोडून बंदूक उचलणारे शेतकरी, आणि आपला कॅप्टन तेच मतं देऊन निवडायचे. निवडणुकीच्या आदल्या दिवशी एझ्रानं अंगणात व्हिस्कीचं पिंप फोडलं आणि दुसऱ्या दिवशी कॅप्टन झाला. आपल्याकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको.

कॅप्टन होताच त्यानं पहिलं काम काय केलं? बायकोचं अक्षर खरवडून काढलं आणि तिथं स्वतःचं अख्खं नाव कोरलं. शेजारी त्या दोन नद्यांचा संगम, काठावर लाकडी गढी, चार झाडं. चित्र चांगलं होतं, ते मान्य. हात चांगला होता मेल्याचा.

मग त्याची लढाई. पोरांनो, शेतकऱ्याच्या घरचे असाल तर कान देऊन ऐका. कॅप्टन आपली टोळी घेऊन शॉनी लोकांच्या गावावर गेला. गावात माणूस नव्हतं, सगळे शिकारीला पांगलेले. होता तो मका, पुरुषभर उंचीचा, कापणीला आलेला. त्यानं तो पेटवून दिला. कोठारंही जाळली. माणसाला मारलं तर निदान लढाई म्हणता येते. उभ्या पिकाला काडी लावणाऱ्याला काय म्हणतात, ते आमच्या राहूत विचारा, शिव्यांसकट सांगतील.

त्या स्वारीला मला त्यानं नेलं नव्हतं. दुसरं, नवं शिंग नेलं होतं. मी होतो गढीत, हॅनाच्या खांद्याला. आणि पुढच्या हिवाळ्यात, कॅप्टन असाच कुठंतरी मर्दुमकी गाजवायला गेलेला असताना, ज्यांचा मका जळला होता ते दाराशी आले. गढीत पुरुष नाही, नुसत्या बायका आणि लेकरं. हॅनानं काय करावं? आत पुरुष आहेत असं भासावं म्हणून भिंतीवरून डोकावतील अशा काठ्या घेतल्या, त्यांना टोप्या घातल्या, आणि लेकरांना त्या टोप्या इकडून तिकडं फिरवायला लावल्या. मग भिंतीच्या फटीतून बाहेर नीट बघितलं. बाहेर म्हातारी माणसं होती, बाया होत्या, आणि पोटं खपाटीला गेलेली पोरं. हॅनानं माझं बूच उघडलंच नाही. घरातली मक्याची पोती भिंतीवरून खाली टाकली, एकामागून एक. ते लोक पोती उचलून निघून गेले. एक गोळी सुटली नाही.

कॅप्टन परत आला, त्याला हे कळलं, आणि महिन्याभरात ती त्याची लढाई झाली. आधी चाळीस शत्रू होते. मुलीच्या लग्नात सत्तर झाले. म्हातारपणी तीनशेवर गेले. मीही थापा मारतो, पण आकडा एकदा सांगितला की मी तो बदलत नाही! मेल्यावर त्याच्या थडग्याच्या दगडावर ते तीनशे कोरले गेले. पोरांना त्या नावावर जमिनी मिळाल्या, एक नातू न्यायाधीश झाला, आणि त्यानं मला काचेच्या पेटीत ठेवलं. खाली पाटी, ‘ज्याने तीनशे परतवले त्याचे शिंग.’ हॅनाचं नाव कुठंच नाही. फक्त त्या घरच्या बायका, आपल्याकडं पोळ्या लाटताना सांगतात तशा, पाव मळता मळता आपल्या लेकींना खरं काय ते सांगत राहिल्या.

त्यातली शेवटची लेक म्हणजे मॅकॉलबाई, कॅप्टनची पणती. लग्न न करता ती केडगावच्या ख्रिस्ती मिशनात निराधार बायका-मुलींना शिकवायला आली. येताना पेटी उघडून मला घेऊन आली. घरात गजहब झाला म्हणे.

मिशनात गिताबाई नावाची एक मुलगी होती. दुष्काळात आईबाप गेलेले, गाव कुठलं तेही आठवत नव्हतं. मॅकॉलबाईनं तिला वाढवलं. पुढं राहूचा भिमाजी मिशनाला मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत द्यायला येऊ लागला आणि खताची गरज नसतानाही येत राहिला. पोरीनं त्याच्याशी लग्न करते म्हटलं. बाईंना ते रुचलं नाही, आठ दिवस बोलल्या नाहीत. पण निघायच्या दिवशी मला तिच्या हातात दिलं आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “हे हॅनाने केले. तू सांगत जा.”

गिताबाई सांगत राहिली. कुणाला? सरूला, तिच्या लेकीला. गोठ्यात.

कारण माझं काम आता गोठ्यातलं होतं. भिमाजीनं करवतीनं माझं टोक कापून भोक मोठं केलं. बैलाचं पोट फुगलं की करडईच्या तेलात हिंग कालवायचं, मला भरायचं, एकानं बैलाची मान वर धरायची आणि दुसऱ्यानं जबड्याच्या कडेनं मला आत सारायचं. औषध घशाखाली. गिताबाईचा हात असा बसला होता की दोन-दोन कोसांवरून लोक तिला बोलवायला येत. फक्त त्यांच्या घरचा हौश्या नावाचा खोंड महाद्वाड. तो तेल प्यायचा आणि मला चावायचा. त्याच्या दाढांच्या खुणा माझ्या कमरेपाशी अजून आहेत. खरं सांगतो, उभ्या आयुष्यात मला तेवढंच काम अब्रूचं वाटलं. बैलाच्या डोक्यावरून निघालो होतो, बैलाच्या उपयोगी पडलो.

आता येतो मुख्य भांडणाकडे.

गिताबाईचा नातू बापूसाहेब. ऊस, गुऱ्हाळ, दारात पांढरी गाडी. निवडणुकीला उभं राहायचं ठरलं आणि त्याच्या ध्यानात आलं की समोरच्या उमेदवाराला घराणं आहे, आपल्याला मेंढरं आहेत. शिवाय आजी मिशनातली. मग त्यानं एक पूर्वज तयार केला. सरदार हौसराव! आमच्या घरात हौसेचा एकच जीव होऊन गेला, तो चार पायांवर चालायचा. पण म्हणे हौसराव.

सरदाराची वस्तू हवी म्हणून मला माळ्यावरून काढलं. फर्निचरच्या दुकानातल्या परप्रांतीय कारागिराकडं नेलं. त्या भल्या माणसानं मला उजेडात धरलं आणि म्हणाला, “साहब, इसपे अंग्रेजी में किसी का नाम है.”

बापूसाहेब म्हणाला, “घिस डालो. एकदम चिकना.”

पॉलिश पेपरनं माझ्यावरचं नाव गेलं. कॅप्टनबद्दल मला प्रेम नाही, पण ज्याच्या-त्याच्या थापा ज्याच्या-त्याच्या नावावर राहाव्यात! नद्यांचा संगम मात्र बापूसाहेबानं मुद्दाम ठेवला. का? तर त्याला तो मुळा-मुठा आणि भीमेचा संगम वाटला. ओहायोच्या काठची गढी म्हणजे सरदारांचा राहूतला वाडा, आणि मेपलची झाडं म्हणजे बाभळी.

खंडेनवमीला, शस्त्रं पुजतात त्या दिवशी, सरदारांच्या वस्तूंसाठी सजवलेल्या दालनाचं उद्घाटन ठेवलं. मखमलीची गादी, काचेची पेटी, भिंतीवर हौसरावापासून बापूसाहेबापर्यंतची वंशावळ. त्यात बाईचं नाव औषधालासुद्धा नाही. इतिहासाचे जाणकार म्हणून हनुमंत सर आले होते. त्यांनी माझ्या कमरेवरून बोट फिरवलं आणि माईकवर सांगितलं की हे तलवारीचे घाव आहेत. सरदारांनी शेवटी या शिंगानं वार अडवले असावेत. टाळ्या पडल्या. मला हात असते तर मी तोंड झाकून घेतलं असतं.

केंदूरहून सरूबाई आली होती, बापूसाहेबाची आत्या. पंच्याऐंशीच्या घरातली. तिनं आधी वंशावळ वाचली. वरून खाली, मग खालून वर. आईचं नाव सापडेना तेव्हा काठी टेकत ती पुढं आली, ओवाळायचं ताट रुपालीच्या हातात दिलं. रुपाली म्हणजे बापूसाहेबाची मुलगी. मला गादीवरून उचललं. नाकाशी नेलं. मग हनुमंत सरांच्या नाकाशी धरलं.

“सर, वास घ्या. कशाचा हाय?”

सर म्हणाले, जुनाट, तेलकट असा काहीतरी आहे.

“करडीच्या तेलाचा. तुमच्या सरदाराची बंदूक करडीच्या तेलावं चालायची का?”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. बापूसाहेब जवळ येऊन हळू म्हणाला, “आत्या, पाव्हण्यांम्होरं कशाला? घरी बोलू की.”

“घरी बोलून बोलून माझी आई त्या भिंतीवरनं गेली, बापू. आता पाव्हण्यांम्होरंच बोलायचं. ह्या तलवारीच्या खुणा न्हाईत, हौश्या बैलाच्या दाढा हायती. जबडा मी धरला व्हता. शिंग माझ्या आईचं. तिचं नाव गिताबाई. केडगावच्या मिशनातनं आली ती. तिला एका गोऱ्या बाईनं दिलं, आन् त्या बाईच्या पणजीच्या सासूनं का कोण हॅना, तिनं केलं. तुला लाज वाटती ती कशाची रं? तिच्या हातनं वाचलेल्या बैलांवं तुमची जमीन नांगारली.”

नातं तिनं चुकवलं, पण नाव चुकवलं नाही. हॅना! राहूच्या मांडवात, माईकसमोर. अंगावर शहारा येण्याची सोय शिंगाला नसते, म्हणून वाचलो.

मला पिशवीत घालून ती केंदूरला घेऊन गेली. बापूसाहेब तिच्याशी बोलायचा बंद झाला. निवडणुकीत पडला, त्याचंही खापर आत्यावर. आत्या म्हणायची, पडू दे, बसायला वेळ मिळंल.

परवा दुपारी पांढरी गाडी केंदूरच्या गोठ्यासमोर थांबली. बापूसाहेबानं शर्यतीचा खोंड घेतलाय. त्याला रोज दूध-तूप पाजायचं असतं, आणि तो प्लॅस्टिकची बाटली चावून चोळामोळा करतो. बांबूचं नळकांडंही फोडलं. खोंडाचं आडनाव कुणी सांगितलं नाही, पण तो नक्की हौश्याच्या वंशातला.

सरूबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“आत्या, शिंग पायजे व्हतं.”

“कुणाचं?”

त्यानं खाली पडलेलं एक टरफल उचललं.

“आजीचं,” तो म्हणाला.

“तिला नाव हाय.”

“गिताबाईचं.”

“कुठल्या गिताबाईचं?”

बापूसाहेबानं गाडीच्या ड्रायव्हरकडं एकदा बघितलं. ड्रायव्हर ऐकत होता. “केडगावच्या मिशनातल्या,” तो म्हणाला. पुटपुटला नाही, ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणाला.

सरूबाईनं मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. “जबड्याच्या कडंनं घाल. आन् जाताना केडगाववरनं जा. लांब पडलं तर पडू दे.”

तर मी सध्या राहूत आहे, खोंडाच्या तोंडात. नव्या दाढा उमटायला लागल्यात. काचेची पेटी रिकामी आहे आणि तशीच राहू दे, एवढी माझी विनंती. मला कुणाच्या शौर्याला जुंपू नका. रुपालीनं काल खिळ्यानं माझ्या तोंडापाशी दोन नावं कोरली, हॅना आणि गिताबाई. बापानं ती बघितली आणि पॉलिश पेपर आणायला गेला नाही.

खाली अजून तांदळाएवढी जागा उरली आहे. त्या पहिल्या बैलाचं नाव कुणाला ठाऊक असेल तर कळवा.