कापलेले कोपरे

शाळेत त्यांना सगळे घड्याळसर म्हणत. शिकवत ते गणित, पण त्यांची खरी ओळख वेळापत्रकामुळे. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकट्यानं लावलं होतं. जिन्याखालच्या अरुंद खोलीत प्लायवूडचा मोठा फळा होता, त्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्यांना अडकवलेले रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे. एकेका शिक्षकाचा एकेक रंग. विज्ञानाच्या बाई हिरव्या, चित्रकलेचे सर पिवळे, भूगोलाचे सर तपकिरी. सुट्टी लागली की बाकीचे गावाला जात आणि घड्याळसर त्या खोलीत खिळे मोजत बसत.

काही तुकड्यांचा एक कोपरा कात्रीनं कापलेला होता. म्हणजे या माणसाला तिसरा मजला द्यायचा नाही. काहींना टाचणीचं भोक होतं. म्हणजे यांना पहिला तास नको. विज्ञानाच्या बाईंना अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं आवरून यावं लागे. चित्रकलेच्या सरांचे गुडघे कामातून गेले होते. भूगोलाच्या सरांना दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, आणि ते त्यांनी शाळेत फक्त घड्याळसरांना सांगितलं होतं. निवृत्ती तोंडावर आलेली, त्यात आजारी माणूस म्हणून शिक्का बसायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. अशा गोष्टी लोक कानात सांगतात, कागदावर देत नाहीत. कोपरा कापला की काम झालं.

या वर्षी मुख्याध्यापिकांनी सभेत सांगितलं की वेळापत्रक आता संगणक लावेल. काळ बदलतो, आपणही बदलायला हवं, वगैरे. घड्याळसरांच्या सेवेबद्दल टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवून माणसाला बाजूला करण्याची ही रीत कुणी काढली देव जाणे, पण सरांना त्या टाळ्या चपराकीसारख्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या मॅडम वही घेऊन त्यांच्या खोलीत आल्या. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी फळ्याचं मनापासून कौतुक केलं, एकेका रंगाचं नाव लिहून घेतलं आणि मग तपकिरी तुकडा हातात धरून विचारलं, "सर, याचा कोपरा कापलेला का आहे?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उंदरांनी कुरतडलाय," ते म्हणाले.

मॅडम हसल्या. वहीत काहीच लिहिलं नाही.

संगणकानं दहा मिनिटांत वेळापत्रक काढलं. एका तासाला एकाही वर्गाला दोन शिक्षक नाहीत, एकाही शिक्षकाला दोन वर्ग नाहीत. घड्याळसरांच्या वेळापत्रकात दरवर्षी दोन-तीन गोंधळ निघायचे आणि ते आठवडाभर निस्तरावे लागायचे. शिक्षकखोलीत कौतुकाला ऊत आला. सर कोपऱ्यात बसून पेपर तपासत राहिले. तेरड्याचा रंग तीन दिवस, ते मनात म्हणाले. येतील परत. हात जोडत येतील.

सूचनाफलकापुढे भूगोलाचे सर जरा जास्त वेळ उभे राहिले. मंगळवारी लागोपाठ दोन तास तिसऱ्या मजल्यावर, गुरुवारी एक. त्यांनी वळून घड्याळसरांकडे पाहिलं आणि हसले. घड्याळसरही हसले. पंचवीस वर्षांची मैत्री, एकत्र डबे खाल्लेले, पण त्या हसण्याचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे घेतला.

घरी त्यांनी हा सगळा प्रकार बायकोला रंगवून सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, मग त्या मुलीला सांगून टाका ना. भूगोलाच्या सरांच्या जिवाशी कशाला खेळ?"

"त्यानं येऊन मला म्हणू दे की. चार लोकांत म्हणू दे, जुनं वेळापत्रक बरं होतं."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखून होती. तिनं घड्या कपाटात ठेवल्या आणि विषय सोडला.

पहिला मंगळवार पार पडला. भूगोलाचे सर घामाघूम होऊन खाली आले, पंख्याखाली बसले, पाणी प्यायले. घड्याळसरांनी पेपरातून मान वर केली नाही. आता बोलेल, मग बोलेल, असं करत ते वाट पाहत राहिले. विज्ञानाच्या बाईंना पहिल्या तासाला उशिरा आल्याबद्दल दोनदा ताकीद मिळाली. त्या जिन्यात डोळे पुसताना दिसल्या, तरी सर मूग गिळून बसले. उलट त्यांना थोडं बरंच वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच बरं वाटलं.

दुसऱ्या मंगळवारी भूगोलाचे सर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले. पृथ्वीचा गोल त्यांनी शेजारी नीट ठेवला होता. मुलांना वाटलं दमले असतील. कुणीतरी हाक मारायला गेलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी घड्याळसर त्यांच्या घरी गेले. मित्राची बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तीच आधी बोलली. "मी म्हणत होते, शाळेत सांगा. तर म्हणायचे, घड्याळ आहे ना तिथं. त्यानं सांगितलंच असेल त्या मॅडमना. नवीन मशीन आहे, बदल व्हायला चार दिवस लागणारच, तोवर चढतो मी हळूहळू. मी कुरकुर केली तर त्यालाच वाईट वाटेल, आधीच बिचाऱ्याचं काम गेलंय."

सर पुढ्यातलं पाणी तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन संगणकाच्या खोलीत गेले. मॅडम एकट्याच होत्या, डोळे सुजलेले. सरांनी तुकडे टेबलावर मांडले.

"हे उंदरांनी कुरतडलेले नाहीत," ते म्हणाले. "लिहून घ्या."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तुकड्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. नावांपुढे एक नवा रकाना त्यांनी उघडला. सर एकेक तुकडा उचलून सांगू लागले. हिरवा, पहिला तास नको. पिवळा, तिसरा मजला नको. निळा, बुधवारी शेवटचा तास नको, आईला दवाखान्यात न्यायचं असतं. बावीस वर्षांचं सगळं अर्ध्या तासात सांगून झालं. इतकं थोडं होतं ते.

तपकिरी तुकडा हातात राहिला. मॅडमनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"सर, हे नाव काल काढलं," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरून नजर न हलवता त्यांनी विचारलं, "मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हो," सर म्हणाले. "विचारलं होतं."