माझ्या पाठीवरचा हात

मित्रांनो, तो मंगळवार इतका साधा होता की त्यातले काही लक्षात ठेवावे असे त्या दिवशी कुणालाच वाटले नाही. सकाळी अर्लिसने कॉफी ठेवली. वर्नन मोजे शोधत होता आणि ते त्याच्या पायातच होते. दहाच्या सुमाराला दोघांनी मला जागेवरून बाहेर काढले, सांडपाण्याची टाकी रिकामी करून आणली आणि पुन्हा जागेवर लावले. दुपारी बटाटा-खिमा एकत्र भाजून केलेला हॉटडिश झाला. संध्याकाळी पत्ते झाले. त्यात अर्लिसने लबाडी केली आणि वर्ननने ती दिसली नाही असे दाखवले. बुधवारी उजाडायच्या आत दोघे आपापली घडीची खुर्ची काखोटीला मारून तळ्यावर क्रौंच पक्षी बघायला गेले. दुपारी वर्नन शेजारणीच्या गाडीतून उतरला तेव्हा दोन्ही खुर्च्या त्याच्याच हातात होत्या.

मी त्यांची घरगाडी आहे. पुढे इंजिन आणि मागे बिऱ्हाड, असे माझे रूप. आता जुनी झाले आहे. या दोघांना मी मनातल्या मनात एकेरीच हाक मारते. अकरा हिवाळे ती माझ्या पोटात राहिली, आता आणखी मान तो कोणता द्यायचा?

माझा जन्म आयोवातल्या एका कारखान्यात झाला. माझे पडदे सहा बायकांनी शिवले. माझी कपाटे करणाऱ्या सुताराने एका फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने स्वतःचे नाव आणि तारीख लिहून ठेवली. ती आजवर कुणी वाचलेली नाही. माझ्या पहिल्या मालकाने मला दोन उन्हाळे मिरवले आणि मग गोठ्यामागे उभे करून तो मला विसरून गेला. चार वर्षे माझ्या गाद्यांत उंदरांनी पिले वाढवली. चाकांतली हवा गेली. मला वाटले, संपले आपले.

तेव्हा वर्नन आला. त्याचा जन्म मिनेसोटात दुधाचा टँकर चालवण्यात गेला होता, आणि अर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालत असे. दोघे निवृत्त झाली होती. वर्ननने माझ्या इंजिनात डोके घातले आणि अर्लिसने माझ्या कपाटात. दोघांनी एकदमच डोकी बाहेर काढली आणि एकमेकांकडे पाहिले.  पुढच्या महिन्यात त्यांनी राहते घर विकले.

हे त्यांच्या मुलीला, रोंडाला, मुळीच आवडले नाही. ती तिकडेच उत्तरेला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. फोनवर ती म्हणाली होती, “माझं घर विकून डब्यात राहायला निघालात, जा खुशाल.” अर्लिसने तो फोन माझ्या पायरीवर बसून ऐकला. तिने फोन खाली ठेवला आणि ती म्हणाली, “येईल. राग उतरला की येईल.” मग आत येऊन तिने टेबलाखालचा पलंग बाहेर ओढला, त्यावर चादर घातली आणि त्याशेजारचा खण रोंडाचा म्हणून रिकामा केला.

दर नोव्हेंबरात आम्ही बर्फ पडायच्या आत दक्षिणेला निघायचो. ॲरिझोनातल्या या पटांगणात आम्हा घरगाड्यांची ओळच्या ओळ लागते. आमची जागा ठरलेली आहे. एका अंगाला बाभळीसारखे काटेरी मेस्किटचे झाड, दुसऱ्या अंगाला पाण्याच्या नळाचा खांब, आणि मध्ये माझ्या रुंदीपेक्षा जेमतेम दोन हात जास्त जागा. त्यात मला उलटे घालावे लागते.

उलटे घालणे ही इथली मोठी करमणूक. नवरा स्टिअरिंगच्या चाकाशी, बायको मागे उभी. ती म्हणते डावीकडे, तो विचारतो कुणाच्या डावीकडे, आणि मग तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या गोष्टी निघतात. लोक खुर्च्या टाकून बघायला बसतात. शेजारची विल्मा सगळ्यांत पुढे. ही कॅनडातून येते. वय एकोणऐंशी, गुडघे दोन्ही नवे, जीभ मात्र मूळची. आमच्या पहिल्या वर्षी तीही खुर्ची घेऊन आली होती. पण अर्लिस माझ्या मागे उभी राहिली आणि तिने नुसते हात उचलले. डावा तळवा, उजवा तळवा, दोन्ही हात जवळ, मूठ. वर्नन आरशात बघत होता. एक शब्द नाही. मी लोण्यातून सुरी जावी तशी आत गेले. मग अर्लिसने माझ्या पाठीवर दोनदा थोपटले आणि वर्ननने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

“ह्या दोघांत काही दम नाही,” विल्मा खुर्ची मिटत म्हणाली. “उद्यापासून मी दुसरीकडे बसणार.”

पण दर मंगळवारी आम्ही टाकी रिकामी करून परतलो की ती येतच राहिली, आणि पुढे पुढे बाकीचेही येऊ लागले. मी पाहिले आहे, त्या वेळी कुणी बोलत नसे.

मित्रांनो, ते थोपटणे मी तुम्हांला कसे सांगू? अकरा टनांचे माझे धूड. वारा लागला की कुरकुरते, उन्हात तापले की कडकडते. आणि एक म्हातारी बाई हाताने दोनदा थोपटते, की मी पोचले. घर झाले. तोवर मी नुसती गाडी असते.

आता पक्ष्यांबद्दल सांगते. ते तळे मी पाहिलेले नाही, आमच्यासारख्यांना तिकडे वाट नाही. पण क्रौंच मला अंगभर ठाऊक आहेत. ते हजारोंनी येतात, आमच्यासारखेच बर्फाला पाठ दाखवून. रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात, पहाटे शेतांकडे उडतात आणि उन्हे चढल्यावर परततात. ते माझ्यावरून जातात तेव्हा आवाज कानी पडायच्या आधी माझा पत्रा गुणगुणू लागतो. आकड्यांना लावलेले चमचे थरथरतात. अकरा हिवाळे झाले, तरी त्या क्षणी मला माझे वय आठवत नाही, काही म्हणजे काही आठवत नाही. अर्लिस हातातले भांडे तसेच धरून दारात येई आणि ते दिसेनासे होईपर्यंत वर बघत राही. मग म्हणे, “रोंडानं हे बघायला हवं होतं.”

दर नोव्हेंबरात ती रोंडाला विचारी. रोंडा म्हणे, यंदा सवड नाही, पुढच्या वर्षी नक्की. अर्लिस रोंडाच्या खणात एक नवा दात घासायचा ब्रश ठेवी. मार्चमध्ये क्रौंच उत्तरेला निघाले की आम्हीही निघायचो, आणि तो न वापरलेला ब्रश ती माझ्या खिडक्यांच्या खाचा साफ करायला घेई. माझ्या खाचा या पटांगणात सगळ्यांत स्वच्छ आहेत.

बुधवारी काय झाले ते वर्ननने विल्माला सांगितले आणि मी ऐकले. दोघे तळ्याकाठी बसली होती. उजाडले, आणि सगळे पाणीच उठावे तसे पक्षी उठले. तो म्हणाला, “बघ.” अर्लिस बोलली नाही. तशा वेळी कुणीच बोलत नाही, म्हणून त्याला काही वाटले नाही. आकाश मोकळे झाल्यावर त्याने वळून पाहिले. तिचे डोळे वरच होते.

गुरुवारी रोंडा आली. आत शिरताना तिचे डोके कपाटावर आपटले. घरातले माणूस असते तर आपटले नसते. ती वडिलांना घट्ट धरून उभी राहिली, पण रडली नाही. आईच्या मैत्रिणींना फोन केले, कागद भरले. शनिवारी आईच्या अस्थींचा लहानसा डबा आणून तिने खिडकीत ठेवला. मग पहिल्यांदा आपला खण उघडला. आत लोकरीचे मोजे होते आणि वेष्टनातला ब्रश होता. ती बराच वेळ तो ब्रश हातात धरून बसली. मग खण लावून तिने आपल्या पर्समधला ब्रश काढला.

रविवारी ती म्हणाली, “बाबा, माझ्याकडे चल. खालची खोली रिकामी आहे. ही गाडी बघायला बुधवारी एक माणूस येतोय.”

“पक्षी जाईपर्यंत मी इथंच आहे,” वर्नन म्हणाला.

“त्याला महिना आहे अजून. एक्याऐंशी वर्षांचा आहेस तू. दोन दिवसांत धड जेवला नाहीस. एकटा काय करणार आहेस इथं?”

“मंगळवारी टाकी रिकामी करायची आहे,” तो म्हणाला.

एवढेच बोलणे झाले. रोंडाने काही बुधवारच्या माणसाला नको म्हणून कळवले नाही. मी पत्र्याखाली सगळे ऐकत होते. मला भोंगा आहे, पण वाचा नाही.

मंगळवार आला. वर्नन चाकाशी बसला, रोंडा शेजारी. टाकी रिकामी झाली. परत आलो तेव्हा विल्मा उभीच होती. तिने मागे उभे राहू का असे खुणेने विचारले, त्याने नको म्हणून मान हलवली. मग दोन्ही आरशांत बघत, एकट्याने, त्याने मला मेस्किट आणि खांब यांच्या मध्ये घातले. कुठे घासले नाही. पटांगणातले लोक उभे राहून बघत होते, कुणी बसले नव्हते.

मी जागेवर पोचले. इंजिन चालू राहिले.

पाच मिनिटे गेली, दहा गेली.

“बाबा, बंद कर,” रोंडा म्हणाली.

“अजून झालं नाही.”

“गाडी उभी आहे. चाकं जागेवर आहेत. किल्ली फिरव.”

“झालं नाही म्हटलं ना.”

त्याचा हात किल्लीवर होता. मित्रांनो, त्याला भ्रम झालेला नव्हता. मागे कुणी नाही हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. पण तो हात काही फिरेना. रोंडाने मात्र वडिलांच्या तोंडाकडे पाहिले आणि तिचा चेहरा मनाशी काही ठरवल्यासारखा झाला. बुधवारच्या माणसाबद्दल उरलीसुरली शंका तिथेच संपली, हे मला दिसले.

ती खाली उतरली आणि विल्माला म्हणाली की बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना आजच घेऊन जाते.

“थोपटलं का कुणी?” विल्माने विचारले.

“कुणाला?”

“गाडीला. तुझी आई मागून दोनदा थोपटायची, मग तो बंद करायचा. एकदा ती माझ्याशी बोलत बसली आणि विसरली, तर अर्धा तास डिझेल जाळत बसला होता गडी. उतरला नाही, हाक मारली नाही. वाट बघत बसला.” विल्माने खुर्ची उघडली आणि त्या दिवशी प्रथमच खाली बसली. “जा आता. की मी जाऊ?”

रोंडा माझ्या मागे आली. आठवडाभर ना वारा होता, ना पावसाचा थेंब. माझ्या पाठीवर वाळवंटाची पिठासारखी धूळ बसली होती, आणि त्या धुळीत खांद्याच्या उंचीवर एक तळवा उमटलेला होता. गेल्या मंगळवारचा. करंगळी थोडी वाकडी, शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात कधीतरी चेंगरलेली. तळवा एकावर एक दोनदा उमटलेला.

रोंडाचा श्वास माझ्या पत्र्याला लागला. तिने हात उचलला, त्या ठशावर नेला, आणि मग तिथे न टेकवता शेजारी टेकवला. तिने दोनदा थोपटले, पण परक्याचे दार वाजवावे तसे, अगदी हळू. आत काही कळले नाही. मग तिने पुन्हा थोपटले. तळवा पसरून, जोराने, दोनदा.

इंजिन थांबले.

अशी शांतता मी क्वचित ऐकली आहे. आणि त्या शांततेत माझा पत्रा गुणगुणू लागला. रोंडाला ते आधी हाताला कळले, मग कानाला. तिने वर पाहिले. शेतांवरून क्रौंच परतत होते, रांगेमागे रांग, पहिले दिसेनासे झाले तरी शेवटचे अजून डोंगरापाशीच. त्यांच्या सावल्या माझ्यावरून, तिच्यावरून, धुळीतल्या त्या हातावरून सरकत होत्या. तिचे तोंड लहान मुलीसारखे उघडे राहिले होते. वर्नन खाली उतरून माझ्या कोपऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तोही वर बघत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. मला नवा रंग नको, नवे पडदे नकोत. कुणी तुमच्यासाठी खण रिकामा करून ठेवला असेल, तर तो वेळेवर उघडा, एवढेच मागते. आणि पहिला पाऊस पडेपर्यंत माझी पाठ कुणी धुऊ नका.

पक्षी गेले. आकाश मोकळे झाले. रोंडाने माझ्या पाठीला कपाळ टेकवले.

“आई,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्या पटांगणाला ऐकू जावे असे. “उद्याच्या माणसाला मी येऊ नको म्हणून सांगते. पक्षी जाईपर्यंत आम्ही दोघं इथंच आहोत.” मग तिने ठशाशेजारी पुन्हा तळवा टेकवला. “आणि सवड नाही म्हणायचे ना मी, ते खोटं होतं. सवड होती. दर वर्षी होती. तुम्ही दोघं माझ्यावाचून इतकी मजेत होतात, ते मला बघवलं नसतं. म्हणून नाही आले. मला यायचं होतं, आई.”