वल्ह्याची पायरी

मित्रांनो, झांबियातल्या लुसाका शहरातल्या आमच्या आळीनं निम्मे आंबे माझ्या अंगाखांद्यावर चढून खाल्लेत. तेव्हा मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणू नका! मी शिडी. कोपऱ्यावरच्या म्वापे आजोबांनी मला निलगिरीच्या लाकडातून घडवलं. आळीत दुसरी शिडी नाही. आज या घरी पन्हळीतला पाला काढ, उद्या त्या घरी अ‍ॅव्होकाडो उतरव. रीत एकच, मला रिकामं परत पाठवायचं नाही. आंबे द्या, शेंगा द्या, काहीतरी द्या. माझा तोरा काय सांगू!

मग समोरच्या दुमजली घरात लिसेलीची आई राहायला आली. पडदे लावायला तिनं मला नेलं आणि चोर माझ्यावरून वर चढतील या धास्तीनं अंगणातल्या खांबाला साखळीनं जखडून कुलूप लावलं. आंबे झाडावरच पिकले आणि खाली पडून फुटले. मला फार वाईट वाटलं.

एके दुपारी ती कपडे वाळत घालायला बाहेर आली आणि वाऱ्यानं लोखंडी दार धाडकन लागलं. दोन वर्षांची लिसेली आत, चुलीवर घेवडा आत, सगळ्या किल्ल्याही आत! उघडी होती ती फक्त वरची खिडकी.

"धावा हो! माझं लेकरू आत आहे!"

सगळी आळी जमली. शेजारचे हामूंगा काका गुरं पाळणाऱ्या टोंगा जमातीचे, लिसेलीची आई नदीकाठच्या लोझी जमातीची. आमच्याकडे या दोन जमातींचं थट्टेचं नातं, कुणी काही बोललं तरी रागवायचं नाही. माझी साखळी बघून काका म्हणाले, "अगं बाई, शिडी दावणीला बांधलीस? गुरं बांधायला आम्ही टोंगा मेलो होतो का?"

"काका, नंतर काय हसायचं ते हसा! आधी शिडी सोडवा!"

खिडकीतून धूर येऊ लागला. साखळी जाडजूड, तुटेना. ती माझ्या खालच्या पायरीभोवती गुंडाळलेली होती. आजोबा करवत घेऊन आले, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, सोस गं एवढं."

करकर पायरी कापली. खोटं कशाला बोलू, जीव कळवळला. पण साखळी निघाली! काकांनी मला भिंतीला लावून घट्ट धरलं आणि लिसेलीची आई सरसर वर गेली.

मग खिडकीत ती दिसली. कडेवर लिसेली, नखशिखांत मक्याच्या पिठानं माखलेली, खिदळत! घेवडा मात्र करपून कोळसा.

"लोझी भूत!" काका ओरडले आणि आळीभर हशा पिकला. लिसेलीची आई हसत होती आणि रडतही होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वडिलांच्या होडीचं जुनं वल्हं आजोबांच्या हाती दिलं. "याची पायरी करा."

"आता ही शिडी पोहायला लागणार!" काका म्हणाले.

"तुम्ही बुडाल तेव्हा उपयोगी पडेल," ती म्हणाली.

मित्रांनो, वस्तू जपा, पण अडकवून ठेवू नका. माझी खालची पायरी आता नदीकाठची आहे आणि आंबे काढायला चढणारा प्रत्येक जण पहिलं पाऊल तिच्यावरच टाकतो.