उंब्रजला क्लच गेला

उंब्रजच्या अलीकडं क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. कृष्णातनं गाडी आहे त्याच गिअरमध्ये रेटत सर्व्हिस रोडला आणली आणि एका चिंचेखाली बंद केली.

शेजारच्या सीटवर त्याची आई राहीबाई दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सांगलीच्या डॉक्टरनं सकाळी कृष्णातला एकट्यालाच आत बोलावलं होतं. पोटातली गाठ लिव्हरपर्यंत गेलीय, आता घरी न्या, म्हणाले. त्यानं मान हलवली, खाली येऊन गाडी काढली. आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. पण दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं सगळं आतून बधिर झालं होतं.

"काय झालं रं?"

"क्लच गेला, आये. बस तू, बघतो मी."

वीस वर्षं त्यानं लष्करात गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. बॉनेट उघडलं तर क्लचच्या तेलाची डबी कोरडी ठाक. म्हणजे कुठंतरी गळती. पेडलच्या वरच्या अंगाला हात घालून बघितलं, ओल नव्हती. पाइपावरनं बोटं फिरवली, तोही कोरडा. मग गिअरबॉक्सवरच्या छोट्या सिलिंडरचं रबर मागं सारलं, तसं तेल बोटांवरनं मनगटापर्यंत ओघळलं. आतलं सील गेलं होतं.

दोन बोल्ट काढून सिलिंडर हातात घेतला आणि तो चौकातल्या सरफराजच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. सरफराजनं जुना सिलिंडर उलटापालटा करून बघितला, तसाच नवा काढून दिला, तेलाची बाटली दिली.

"माणूस देऊ का संगं? तेलात शिरलेली हवा काढायला दोघं लागत्यात."

"नगं. आई हाय," कृष्णात म्हणाला.

राहीबाई आयुष्यात कधी स्टेअरिंगपुढं बसली नव्हती. त्यानं तिला धरून सरकवलं, डावा पाय पेडलवर ठेवून दिला.

"दाब म्हटलं की दाबायचं. पाय आपोआप खाली जाईल, तरी उचलायचा न्हाई. सोड म्हटलं की चवड्यानं पेडल वर घ्यायचं."

"बरं."

नवा सिलिंडर बसवून, डबी तेलानं भरून, त्यानं हवा काढायच्या नटाला नळी जोडून तिचं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडलं आणि नटावर पाना लावला.

"दाब."

"दाबलं बघ."

नट ढिला केला. नळीतनं बुडबुडे बाटलीत आले. नट आवळला.

"सोड."

असं सात-आठ वेळा झालं. मधेच डबीत तेल ओतायचं, पुन्हा दाब, पुन्हा सोड. उघड्या बॉनेटच्या आड त्याला आईचं तोंड दिसत नव्हतं.

"आये."

"आँ?"

"डॉक्टरनी घरी न्या म्हटलंय. आता करन्यासारखं काय न्हाई म्हनाले."

उसाचा एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला. तो लांब जाईस्तोवर कुणाचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

"ठावं हाय मला," राहीबाई म्हणाली. "तुझ्या तोंडावरनंच कळलं. दाबू का?"

"दाब."

बुडबुडे कमी झाले. मग नुसतं तेलच येऊ लागलं. पुढच्या खेपेला आई कण्हली.

"आता जाईना रं. गुडघ्यावर हात टेकला तरी जाईना. लय घट्ट झालंय."

"झालं मग. हवा गेली सगळी. काढ पाय."

त्यानं स्वतः वाकून हातानं पेडल दाबून बघितलं, सिलिंडरखाली कोरडं बोट फिरवलं. गळत नव्हतं. गाडीच्या रंगावर सांडलेलं तेल पाण्यानं धुतलं, हात धुतले. आईला उठता येईना, तेव्हा दोन्ही हातांनी उचलून पलीकडं बसवलं. तिचं वजन किती उतरलंय ते त्याला कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण ते नुसतं कळलंच.

मसूर गेलं, रहिमतपूर गेलं. गिअर सुरळीत पडत होते. राहीबाई डोळे मिटून होती.

कोरेगावच्या अलीकडं त्यांचं गाव. दारात बायको वाट बघत उभी होती. एवढा उशीर का, तिनं विचारलं. क्लच गेला होता, तो म्हणाला. मग तिनं आवाज खाली आणला.

"काय म्हनाले डॉक्टर?"

कृष्णातनं दवाखान्याची पिशवी तिच्या हातात दिली.

"त्याला नगं इचारूस," गाडीतनंच राहीबाई म्हणाली. "मला म्हाईत हाय सगळं. मी सांगते. आदी मला खाली घ्या."