काजूच्या काट्यावर चढलेला शेट

मित्रांनो, मी वजनकाटा. जुना, लोखंडी, फळीचा. वेंगुर्ल्यात गुरुदासशेटच्या काजूच्या कारखान्यात दाराशी उभा असतो. चाळीस वर्षे मी काजूबीची पोती तोलली. दरवर्षी सरकारी माणूस मला तपासून शिक्का मारतो. मी आजवर गुंजभरही खोटे बोललेलो नाही. माणसांचे तसे नाही, आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा शेट एकशे अडतीस किलोंचा. घरातला काटा त्याच्यापुढे हात टेकायचा, म्हणून स्वारी माझ्यावर चढायची. साखर, रक्तदाब आणि धाप यांनी बेजार झाल्यावर त्याने गोव्यात जाऊन जठर लहान करण्याचे ऑपरेशन करून घेतले. ऑपरेशनला मी नावे ठेवणार नाही. साखर उतरली, धाप गेली, माणूस जिना चढू लागला. निघताना डॉक्टरांनी बजावले होते, "जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे. आधी मासे, अंडी, डाळ, भात मागाहून." शेटने मान डोलावली. मान डोलवायला काय जाते!

मग माझे दिवस फिरले. दर सोमवारी शेट माझ्यावर उभा राहायचा आणि आकडा उतरला की कामगार टाळ्या वाजवायचे. दसऱ्याला सगळ्या यंत्रांत मोठा झेंडूचा हार मला मिळाला. खोटे कशाला सांगू, मलाही तो आवडला.

पुढच्या वर्षी श्रावण आला, मासळी बंद झाली. शेजारचा भिकाजी, ज्याला मोबाइलवर आलेले सगळे वेदवाक्य वाटते, म्हणाला, "शेटानू, त्या कॅप्सुलाचा कवच हाडांचा असता. श्रावणात खातास?"

झाले! शेटने गोळ्यांची डबीच कपाटात ठेवली. डॉक्टरांना एक फोन करून दुसऱ्या गोळ्या मागाव्यात, एवढी अक्कल चालली नाही. श्रावण संपला, गणपती गावाला गेले, सुरमई ताटात परत आली. डबी मात्र पुढची दोन वर्षे कपाटातच राहिली. सकाळी चार चमचे पेज प्यायली की त्याचे पोट भरायचे, मग मासा नको आणि डाळही नको. रक्ताची तपासणीही त्याने सोडून दिली. केस गळू लागले, पायांना मुंग्या येऊ लागल्या. त्याची बायको किशोरी रोज म्हणायची, "अहो, एकदा रगत तपासून घेवया."

"कित्याक? काटो सांगता मां, मी बरो आसय!"

मी कधी सांगितले असे? मी किलो सांगतो. पोत्यात काय आहे हे मला कळत नाही, मग माणसाच्या आतले काय कळणार? पण या शहाण्याने मलाच डॉक्टर करून टाकले.

गेल्या दसऱ्याला पूजा झाली आणि शेट अनवाणी माझ्यावर चढला. दांडी स्थिरावली. "बासष्ट!" तो ओरडला. टाळ्या झाल्या. माझ्या फळीचा एक पत्रा उचकटलेला आहे. त्यावर त्याचा तळवा चांगलाच चिरला होता आणि रक्त माझ्या अंगावरून खाली ओघळत होते. तो हसत उभा होता.

बी सोलणारी म्हातारी जानकी किंचाळली, "शेटानू, पाय बघा!"

"खंय? माका काय एक लागूक नाय."

त्याने खाली पाहिले आणि त्याचे हसू गेले. जानकीने आपल्या पदराने त्याचा पाय बांधला आणि सगळ्यांदेखत झापले, "वजन बघून कधी बी घेतल्यात? मूठभर फोडून बघतास, आत गर आसा काय पोचट. मगे सोताक कित्याक नाय बघूक?"

 

रक्त तपासले तेव्हा बी-बारा तळाला गेलेले निघाले. पायांच्या नसा दुखावल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शने सुरू करू. थोडी संवेदना परत येईल. सगळी येईलच असे सांगता येत नाही."

आता शेट काठी घेऊन चालतो. माझ्याकडे बघतही नाही, जणू मीच त्याला फसवले. रोज सकाळी किशोरी त्याला दाराशी बाकावर बसवते, डोळे मिटायला सांगते आणि कापसाचा बोळा पायाच्या बोटांवरून फिरवून विचारते, "कळता?"

"कळता," तो ठसक्यात सांगतो.

काल तो 'कळता' म्हणाला तेव्हा तिने बोळा लावलाच नव्हता. बोळा तिच्या मुठीत होता. ती नुसती त्याच्या पायांकडे बघत राहिली. मला त्याचा रागही आला आणि पहिल्यांदाच वाईटही वाटले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल तर वजन विचारून टाळ्या वाजवू नका. आजची गोळी घेतली का, ते विचारा. तो 'घेतली' म्हणेल. तरी डबी उघडून बघा.