सात मिनिटांची साक्ष

मित्रांनो, ही गोष्ट सन दोन हजार चोवीसची. त्या वर्षी मला ड्रॉवरमधून बाहेर काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि साक्षीला उभे केले. मी एका सेकंदाचेही खोटे बोलले नाही. तरी माझ्या साक्षीने एका बाईची खुर्ची गेली. तेव्हापासून मला कोणी ‘अचूक’ म्हटले, की मान खाली घालावीशी वाटते. पण घड्याळाला मान कुठली?

मी आहे एक जुने स्टॉपवॉच. पोलादी अंग, काचेखाली पांढरी तबकडी आणि डोक्यावर एकच बटण. पहिल्यांदा दाबले की धावायचे, दुसऱ्यांदा दाबले की थांबायचे, तिसऱ्यांदा दाबले की सारे विसरून शून्यावर यायचे. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझी कमान बसवली आणि मला कानाशी धरून ती हसली. ते हसू माझे पहिले कौतुक. पुढे काही वर्षे मी मैदानावर शर्यती मोजल्या. मग जुन्या बाजारात एका थाळीत पडून राहिले, आणि तिथून मला थोरल्यांनी उचलले.

थोरले म्हणजे जोडे शिवणारे कारागीर. पण ते सरसकट सगळ्यांचे जोडे शिवत नसत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटे गेलेली, कुणाची टाच अपघातात चेपलेली, अशी माणसे त्यांच्याकडे येत. पुढच्या खोलीत माप घ्यायची खुर्ची, मागच्या खोलीत चामडे कापायचे मोठे टेबल. एवढाच पसारा.

थोरल्यांची एक रीत होती. जोडा तयार झाला की गिऱ्हाइकाला तो घालून रस्त्यावर पाठवायचे. दारातून पाऊल बाहेर पडले की ते माझे बटण दाबत. माणूस कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जाई, परत येई, खुर्चीत बसे. तरीही थोरले मला थांबवत नसत. ते त्याच्या हाताकडे बघत बसत. हात पायाकडे गेला, की जोडा काढून घ्यायचा, टाच खरवडायची, पुन्हा रस्त्यावर पाठवायचे. मी आपले चालूच. कधीकधी तासन् तास.

“शिवून झाला म्हणजे काम झालं नाही,” ते म्हणत. “बसल्यावर माणूस पाय विसरला, की झालं.”

माप घ्यायच्या खुर्चीजवळ असे आक्का. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती कामाला लागली आणि एकतीस वर्षे तिथेच राहिली. खाकी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढायची, तळवा दाबून बघायचा, आणि बोलता बोलता गिऱ्हाइकाचा जुना जोडा उलटा करायचा. “दुखत नाही” असे माणसे लाजेपोटी म्हणत. सोल मात्र लाजत नाही. तो कोणत्या बाजूने झिजला आहे ते पाहून आक्का म्हणे, “बाहेरच्या कडेवर भार देता ना? मग दुखत नाही कसं?” माणूस ओशाळून हसे आणि खरे सांगू लागे.

थोरले गेले. मी लेसांच्या तुकड्यांत आणि मोडक्या बकलांत ड्रॉवरमध्ये पडून राहिले. आठ वर्षे कुणी किल्ली दिली नाही.

मग थोरल्यांच्या मुलाने, धाकट्यांनी, टॅब आणला. त्यात एआय होते. गिऱ्हाइकाने बोलायचे, पायाचे चार फोटो काढायचे, की कापणाऱ्याला लागणारा कागद छापून तयार. धाकटे वाईट नव्हते, मित्रांनो. जोड्यासाठी लोकांना तीन आठवडे थांबावे लागे आणि वैतागून ते दुसरीकडे जात. खरोखर वेळ वाचतो का ते आधी मोजू, मगच ठरवू, असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. ठरवायचे होते ते आक्काच्या खुर्चीचे. तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि घर तिच्या पगारावर चालणारे. हे धाकट्यांनाही ठाऊक होते.

“मोबाईलमध्ये घड्याळ असताना हे म्हातारं कशाला उकरलंत?” मागच्या खोलीतल्या कात्रीकाकांनी विचारले. कापायचे टेबल त्यांचे.

“वडिलांचं आहे. याच्यावर तरी तुमचा विश्वास बसेल.”

“घड्याळावर आहे हो. तुमच्या त्या शहाण्यावर नाही. कानामागून आली आणि तिखट झाली!”

आक्का हसली. “काका, तुमची जीभ कात्रीहून धारदार. घेऊ द्या त्याला माप. आजवर आपण लोकांची घेतली, आता आपली.”

पहिला आठवडा आक्काचा. गिऱ्हाईक बसले की मला सुरू करायचे, कागद काकांच्या टोपलीत पडला की थांबवायचे. सरासरी अडतीस मिनिटे. पुढचे दोन आठवडे टॅबचे. गिऱ्हाईक बसले, बोलले, फोटो निघाले, कागद छापून टोपलीत पडला. सात मिनिटे. धाकटे आकडा लिहून घेत, मला खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवत आणि टॅब घेऊन वरच्या खोलीत जात.

मी थांबलेले होते, मेलेले नव्हते. पुढचे सगळे मी पाहिले.

धाकट्यांची पावले जिन्यावर वाजली, की आक्का टोपलीतला कागद उचले. अक्षर सुबक, वाक्ये गोड. ‘टाचेला त्रास नाही.’ आणि समोर टाच झिजलेला जोडा! ती दारापर्यंत धावे, निघालेल्या माणसाला हाक मारून परत बसवी, तळवा दाबून बघे. मग नवा कागद स्वतःच्या हाताने लिहून टोपलीत ठेवी. कधी वीस मिनिटे, कधी पाऊण तास. जेवणाची सुट्टी त्यात जाई. उरलेले कागद ती घरी नेई आणि गिऱ्हाइकांना फोन करकरून सकाळी दुरुस्त करून आणी.

कात्रीकाकांना दिसत होते. एके दिवशी ते टेबल सोडून पुढे आले.

“आक्का, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस. एखादा कागद येऊ दे की तसाच माझ्याकडे. होऊ दे जोडा वाकडा. मग कळेल धाकट्यांना.”

“आणि तो वाकडा जोडा घालणार कोण? तुम्ही?”

काकांनी कपाळावर हात मारला.

“मग निदान सांग तरी त्यांना!”

“काय सांगू? काम नीट केलं, हे काय सांगायचं असतं? त्याला दिसत नसेल का?”

नाही दिसले. त्या दोन आठवड्यांतले जोडे गिऱ्हाइकांच्या पायांत गेल्यावर भिंतीवर तक्ता लागला. अडतीस आणि सात, दोन जाड रकाने. खाली लिहिले होते: वीस जोड्या, एकही परत नाही. त्या वीस जोड्या आक्काने वाचवल्या होत्या, आणि श्रेय शहाण्याला मिळाले. काकांनी आक्काकडे पाहिले. तिने मान हलवली, नको म्हणून. काकांनी तोंड उघडले नाही. पुढचा तक्ता आपल्या टेबलाचा निघेल, ही धास्ती त्यांना होती. मला हे कळते, पण मी ते विसरलेले नाही.

“आक्का, तू थकलीयस. आता आराम कर,” धाकटे म्हणाले. आवाज हलका होता, डोळे तक्त्यावर.

“आराम मी मागितला होता का रे?” आक्का म्हणाली. “याच कागदाच्या गुंडाळीला धरून तू उभं राहायला शिकलास. तेव्हा कुणी मिनिटं मोजली नव्हती.” तिने पेन्सिल पदरात खोवली आणि ती गेली.

तीन महिने सरले नाहीत तोच एक परिचारिका आली. एक पाय आखूड, दिवसभर वॉर्डात उभे राहायचे काम. तिने नवे जोडे टेबलावर ठेवले. टाचेला पट्टी होती.

“जखम चिघळली. महिनाभर घरी बसलेय,” ती म्हणाली. “आक्का कुठे आहेत?”

“तुम्हीच तर म्हणालात ना, ठीक आहे म्हणून?” धाकट्यांनी छापील कागद पुढे केला.

“म्हणाले असेन. मी सगळ्यांना तेच म्हणते. आक्कांना म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का?”

तिच्या मागोमाग आणखी जोडे परत आले. खरवडणे, उसवणे, पुन्हा शिवणे. टॅबने वाचवलेली मिनिटे मागच्या खोलीत तासांनी वाहून जात होती. त्यासाठी मला कुणी सुरू केले नाही.

अखेर धाकटे मला खिशात घालून आक्काच्या घरी गेले. ती नवऱ्याला चमच्याने पाणी पाजत होती.

“आक्का, काका आज बोलले. ते कागद तू दुरुस्त करायचीस?”

“मग काय तसेच देऊ?”

“किती वेळ लागायचा एकेकाला?”

आक्काने चमचा खाली ठेवला. “घड्याळ तुझ्याकडे होतं. मला काय विचारतोस?”

धाकट्यांनी मला मुठीत आवळले. “परत ये. चूक झाली.”

“चूक तुझी एकट्याची नाही. मीही गप्प बसले. पण आता जमायचं नाही रे. रोज कुणाच्या तरी चुका निस्तरायच्या आणि ते कुठेच लिहिलं जायचं नाही, असं काम करायला मी आता तयार नाही.” मग तिने विचारले, “त्या परिचारिका बाईंची टाच भरली का?”

नाही भरली नीट. ती बाई आता वॉर्डात नसते, खाली नोंदवहीपाशी बसते. कात्रीकाकांनी त्याच वर्षी कात्री ठेवली. इतके बोलणारा माणूस, आता घरी फारसा बोलत नाही म्हणे. धाकट्यांचे दुकान चालू आहे. परत आलेले जोडे हाताळायला त्यांनी दोन माणसे ठेवली आहेत, आणि भिंतीवरचा तक्ता अजून तसाच आहे, कारण कुणी दुसरे काही मोजलेच नाही. आक्काचा नवरा गेला. ती एका इमारतीचे जिने पुसते. दारांबाहेरचे जोडे बाजूला करताना उलटे करून सोल बघते, क्षणभर थांबते, आणि पुन्हा जागेवर ठेवते. तिला कुणी विचारत नाही.

आणि मी? मी पुन्हा ड्रॉवरमध्ये. मित्रांनो, उद्या तुम्हीही कशाचा तरी वेळ मोजाल. माझी एवढीच विनवणी आहे: मला सुरू करायची घाई करा हवी तर, पण थांबवायची करू नका. कागद निघाला की नव्हे, माणूस चालून येऊन बसला आणि पाय विसरला, की मग दाबा. आणि मधल्या वेळात कोण खाली वाकून काम करत आहे, तेही बघा.

टॅबचे शेवटचे माप मोजून झाल्यावर तिसऱ्यांदा बटण दाबायला कुणाला सुचले नाही. मी अजून सात मिनिटांवरच उभे आहे.