खंग अक्षराखालचं नाव

टेकडीवरच्या मठातली घंटा माझ्या बाबांनी ओतलेली, आणि तिच्यावर नाव लू शोउचंगचं. लू बाबांचाच शिष्य. बाबा तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा या हरामखोराने साच्यातलं त्यांचं नाव खरवडून आपलं घातलं. ज्याचं नाव त्याची घंटा, आणि घंटा बिघडली तर मानही त्याचीच उडवायची, असा आमच्याकडचा कायदा. बाबा रोज तो नाद ऐकत कुढून कुढून गेले. मी लूच्याच ओतशाळेत साच्यात अक्षरं कोरायचं काम धरलं आणि दबा धरून बसले.

यंदा वेशीच्या बुरुजासाठी मोठ्या घंटेचा हुकूम आला. साच्यात मी ठळक ‘खंग’ कोरलं. ठोका पडताच धातू जो खणखणीत नाद देतो, त्याचं हे जुनं अक्षर. ते ज्या घंटेवर असेल, तिने तसंच वाजायला हवं.

“त्याच्याखाली माझं नाव कोर पोरी, चांगलं खोल,” लू म्हणाला.

“कोरते की, काका. कुणाला खरवडता येणार नाही असं कोरते.”

तो हसला. निगरगट्टच मेला.

ओतलेली घंटा जमिनीत पुरलेल्या साच्यातच निवू द्यायची असते. गरम असताना उकरली तर वारा लागून तडकते. पण अधिकारी यायचा होता आणि लूला धीर नव्हता. रेशमी बाह्या मळतील म्हणून त्याने मलाच माती चाचपायला सांगितलं. मी कोपरापर्यंत हात खुपसला. आत चटका बसला.

“निवली,” मी म्हटलं.

अधिकाऱ्याने ठोका दिला, तर आवाज फुटक्या मडक्याचा. लू पांढराफटक पडला. या पोरीने घात केला, निवली म्हणून हिनेच सांगितलं, असं ओरडू लागला.

“घंटेवर नाव कुणाचं?” अधिकाऱ्याने विचारलं.

मीच पुढे होऊन नावावर बोट ठेवलं. त्याला बेड्या ठोकून नेलं, तेव्हा मला सणाचं जेवण पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मग अधिकाऱ्याने हुकूम सोडला, की या माणसाच्या नावाच्या सगळ्या घंटा उतरवून वितळवा. मठातलीसुद्धा.

मी त्याचे पाय धरले. ती माझ्या बाबांची आहे सरकार, एकदा वाजवून तरी बघा, म्हणून विनवलं.

“तिच्यावर नाव कुणाचं?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती उतरवताना दगडी पायरीवर आपटली. खंग. सगळ्या नगराने ऐकलं. भट्टी पेटवायला मलाच बोलावलं होतं.